दोह्यातली जुनी गाडी आणि एक्सलेटरची वायर

या वस्तूला मराठीत धड नाव नाही. गाडीच्या पुस्तकात ती 'ॲक्सिलरेटर केबल', शोरूममध्ये 'थ्रॉटल केबल', कोल्हापूरच्या उद्यमनगरात 'एक्सलेटरची वायर'. आणि इथं दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात, ज्याला सगळे 'सनाया' म्हणतात, तिथं केरळचे, नेपाळचे, बांगलादेशचे आणि पाकिस्तानचे मिस्त्री मिळून जी एक हिंदी बोलतात त्या हिंदीत ती 'रेस का वायर'. मला हे शेवटचं नाव सगळ्यात पटतं. आपल्याकडेही "जरा रेस दे की" असंच म्हणतात. पायाखालच्या पेडलपासून इंजिनापर्यंत जाणारी मीटर-दीड मीटरची एक तार, एवढाच तिचा पसारा. पण गाडीतल्या माणसाची इच्छा इंजिनाला कळते ती तिच्यामार्फत.

ज्यांनी बजाज चेतक किंवा लूना चालवली आहे त्यांना हे सांगायला नको. उजव्या हाताची मूठ पिळली की आतली तार ओढली जायची, आणि चेतकचे तर गिअरसुद्धा डाव्या मुठीतून तारांनीच पडायचे. वायर तुटली की टोक बोटाला गुंडाळून, ओढत ओढत घर गाठलेले लोक आमच्या गल्लीत होते. हल्लीच्या पिढीला हे सांगितलं तर ती आपल्याकडे दयेनं बघते.

आता कतारमध्ये राहून जुन्या गाडीच्या वायरीबद्दल लिहायचं कारण. इथं जुन्या गाड्यांना एक वेगळाच मान आहे. नव्या कोऱ्या गाड्यांनी रस्ते भरलेले असतात हे खरं, पण वाळूत जायचं म्हटलं की कतारी माणूस त्याची नव्वदच्या दशकातली लँड क्रूझर बाहेर काढतो. '८० सिरीज' म्हणून ओळखली जाणारी ती गाडी, साडेचार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चौकोनी तोंड. अजूनही ती आखातात जपून ठेवली जाते आणि तिची किंमत ऐकून आपण गप्प बसतो. आमची गाडी तितकी मानाची नाही. जपानी आहे, सहा सिलिंडरची आहे, ऑटोमॅटिक आहे आणि माझ्या लग्नाच्या बरीच आधीची आहे. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाव सांगितलं की वाचणारे निम्मे लोक "ती कशाला घेतली?" आणि उरलेले निम्मे "विकायची असेल तर सांगा" म्हणतात. चार वर्षांपूर्वी घेतली. आठवडाभर ऑफिसात कोडमध्ये डोकं घालून बसणाऱ्या माणसाला शनिवारी सकाळी बोनेट उघडून उभं राहायला काहीतरी हवं असतं, हे बायकोला पटवायला मात्र सहा महिने लागले होते.

गेल्या उन्हाळ्यात गाडीचा पिकअप कमी झाला. बंद पडत नव्हती, धूर नव्हता, आवाज नव्हता. गावात सिग्नल ते सिग्नल अगदी नेहमीसारखी. पण सलवा रोडवर ट्रेलरला ओव्हरटेक करायचं म्हणून पाय तळापर्यंत दाबला की ती दोन क्षण विचार करायची आणि मग सावकाश, नाइलाजाने निघाल्यासारखी पुढं जायची. पूर्वी अशा वेळी गिअर एक पायरी खाली पडून इंजिन गर्जायचं; ते जवळजवळ थांबलं होतं.

पहिला संशय उन्हावर, आणि तो बिनबुडाचा नव्हता. इंजिन खातं ते पेट्रोल असं आपण म्हणतो, पण वजनात बघितलं तर एक भाग पेट्रोलमागे साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा तापली की विरळ होते. २० अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांची हवा जवळजवळ आठ टक्के हलकी असते. तेवढा श्वास इंजिनाला कमी मिळतो. समुद्रसपाटीवरून सहाशे-सातशे मीटर उंचीवर गाडी नेली तर साधारण एवढाच फरक पडतो. म्हणजे गंमत बघा, कतार हा सपाट देश, इथला सर्वांत उंच बिंदू १०३ मीटरचा, घाट नावाला नाही. पण जुलै-ऑगस्टमधलं दोहा इंजिनाच्या दृष्टीनं कोल्हापूरपेक्षाही उंचावर असतं. शिवाय एसी फुल. त्यामुळे उन्हाळ्यात गाडी जड वाटली तर इथं कुणी मनावर घेत नाही. "हर् आहे," म्हणायचं, म्हणजे उष्मा, आणि सोडून द्यायचं.

पण नोव्हेंबर आला. सकाळी खिडक्या उघड्या टाकता येतील अशी हवा झाली, आणि गाडी होती तशीच. मग मात्र उन्हाचा गुन्हा सिद्ध होईना.

सनायातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. गॅरेजचं नाव सांगण्यात अर्थ नाही, माणसं वाईट नव्हती. त्यांनी कॉम्प्युटर लावला, त्यात एकही दोष निघाला नाही, आणि दोष निघाला नाही म्हटल्यावर अंदाज सुरू झाले. पेट्रोल पंप बदलू, इंजेक्टर साफ करू, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला असेल. कच्चा हिशेब तीन हजार आठशे रियाल. "गाडी पुरानी है भाई," हा शेवटचा युक्तिवाद. बायकोनं आकडा ऐकला आणि गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला, यावेळी जरा गंभीरपणे. लेकीला डिसेंबरच्या सुट्टीत वाळूत न्यायचं कबूल केलेलं होतं. आणि तेवढ्यात अप्पा आले.

अप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. व्हिजिट व्हिसावर दीड महिना राहायला आलेल्या आई-वडिलांचं काय होतं हे परदेशातल्या सगळ्यांना माहीत आहे. आई दोन दिवसांत स्वयंपाकघर ताब्यात घेते. वडिलांना काही ताब्यात घ्यायला नसतं. सकाळी कॉर्निशवर फिरून झालं, सूक वाकिफ बघून झालं, म्युझियम बघून झालं. मग ते नवव्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून खाली पार्किंगकडे बघत बसतात आणि आपल्याला ऑफिसात अपराधी वाटतं.

शुक्रवारी त्यांना घेऊन बाहेर पडलो. ओव्हरटेकच्या वेळी गाडीनं तिचा नेहमीचा विचार सुरू केला. अप्पा काही बोलले नाहीत, नुसते माझ्या पायाकडे बघत राहिले. घरी आल्यावर पार्किंगमध्ये म्हणाले, "इंजिन बंद कर. बोनेट उघड. आणि तू आत बस."

मी बसलो.

"पाय दाब. पूर्ण. तळाला लागूदे." मी दाबला. "लागला?"

"लागला, अप्पा."

"तसाच धरून ठेव." मग बोनेटमागून थोडा वेळ काहीच नाही. आणि मग, "अजून येतीय की रं ही! बोटानं ओढली की अजून येतीय. तुझा पाय हितं पोचतच न्हाई."

मी पाय तसाच ठेवून बायकोला बोलावलं, तिला पेडलवर बसवलं आणि पुढं जाऊन बघितलं. इंजिनात हवा जाते त्या नळीच्या तोंडाशी एक गोल झडप असते. मधल्या दांडीवर फिरणारी, दोन पंखांची, म्हणून इंग्रजीत तिला फुलपाखराचंच नाव आहे. आपण पेडल दाबतो तेव्हा आपण पेट्रोल सोडत नसतो, ही झडप उघडत असतो. किती हवा गेली ते बघून पेट्रोल किती द्यायचं हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. झडपेच्या दांडीला बाहेरून एक अर्धगोल चाक असतं, तार त्या चाकावर येते, आणि पूर्ण उघडल्यावर चाक एका थांब्याला टेकायला हवं. आमचं चाक थांब्यापासून चांगलं एक बोट लांब होतं. पेडल तळाला, झडप अर्ध्याच्या थोडी पुढं. अप्पांनी बोटानं चाक ढकललं, ते गुमान थांब्यापर्यंत गेलं.

आमच्या धंद्यात याला एक रोजचं उदाहरण आहे. सर्व्हर हळू चालतोय अशी तक्रार आली की नवशिका पोरगा सर्व्हरचा कोड वाचायला घेतो. जुना माणूस आधी विचारतो, विनंती सर्व्हरपर्यंत पोचते आहे का? कॉम्प्युटरला दोष सापडला नाही कारण त्याच्या दृष्टीनं काही दोष नव्हताच. झडप अर्धी उघडली, त्यानं अर्ध्या झडपेचं पेट्रोल दिलं. माणसानं पेडल तळाला दाबलंय हे त्याला कुठून कळणार? जुन्या गाडीत सेन्सर झडपेवर असतो, पेडलवर नसतो.

इथं एक प्रश्न मलाही पडला होता. झडप इतकी कमी उघडत होती तर गावात फरक का जाणवला नाही? उत्तर हिशेबात आहे. साडेचार लिटरचं इंजिन धरा. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरतात, म्हणजे २,००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त साडेचार हजार लिटर हवा, ४,००० ला नऊ हजार लिटर. कमी फेऱ्यांवर हवेची मागणीच कमी, ती अर्ध्या उघड्या दारातूनही भागते. दार अरुंद आहे हे गर्दी झाल्यावरच कळतं. म्हणूनच ढिल्या वायरीची गाडी महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ज्या दिवशी लक्षात येते त्या दिवशी आपण ट्रेलरच्या शेजारी असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी, कारण "वायर टाइट केली की पॉवर वाढते" असं छातीठोक सांगणारे इथंही आहेत आणि नाना पेठेतही आहेत. वाढत नाही. पेडल तळाला गेल्यावर झडप पूर्ण उघडत असेल तर वायर आणखी ताणून एक घोडासुद्धा जास्त मिळणार नाही. जे मूळचं आहे आणि वाटेत गळतंय, ते फक्त परत मिळतं. उलट वायर जास्त ताणली तर पाय काढल्यावरही झडप पूर्ण मिटत नाही. आयडलिंग चढं राहतं. उतारावर किंवा सिग्नलकडे येताना पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण तोडतो, पण झडप मिटल्याचं त्याला कळलं तरच; ते कळलं नाही तर ॲव्हरेज पडतं आणि इंजिनाचा ब्रेकही कमी होतो. ढिल्या वायरीनं गाडी मंद होते, ताठ वायरीनं ती ऐकेनाशी होते. दोन्हीतलं दुसरं वाईट.

ही तार-नळीची युक्ती मोठी छान आहे. अर्नेस्ट बाउडन नावाच्या गृहस्थानं १८९६ मध्ये तिचं पेटंट घेतलं, म्हणून तिला बाउडन केबल म्हणतात; सायकलच्या ब्रेकला आजही तीच असते. आत तार, बाहेर गुंडाळीची नळी. तार ओढते तेव्हा नळी तितक्याच जोरानं उलट दाबली जाते, म्हणून नळीची दोन्ही टोकं घट्ट बसवलेली लागतात. त्यातच ॲडजस्टमेंट दडलेली आहे. तार लांब-आखूड करता येत नाही, पण नळीचं टोक आट्यांवर पुढं-मागं सरकवता येतं. नळी चाकापासून मागं ओढली की आतली तार आपोआप ताठ होते. इंजिनाच्या बाजूला एका पट्टीवर दोन नट समोरासमोर बसवलेले दिसतात, बहुतेक दहाच्या किंवा बाराच्या पान्याचे. एक सैल करायचा, दुसरा फिरवायचा, मग दोन्ही आवळायचे. पाच मिनिटांचं काम.

मी टूलबॉक्स आणायला निघालो तर अप्पांनी हात आडवा घातला.

"थांब. आधी ही ढिली का झाली ते बघ. वायर काय रबर हाय व्हय, ताणायला?"

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून इथं जरा थांबतो. पोलादी तार सहजासहजी लांबत नाही. नळीच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर झिजतं, पेडलच्या टोकाची बुशिंग झिजते, नळीची टोपी तिच्या जागेवरून निसटते, आणि यातलं सगळं वर्षानुवर्षं थोडं थोडं होतं. काही महिन्यांत एक बोटभर ढिलाई आली तर काहीतरी तुटतं आहे. अप्पा पेडलखाली डोकं घालून आडवे झाले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पायजमा आणि स्वेटर, अर्धा गाडीत आणि अर्धा पार्किंगच्या फरशीवर. आमच्या इमारतीचा नेपाळी वॉचमन धावत आला, त्याला वाटलं कुणीतरी पडलं.

पेडलच्या वरच्या टोकाला तारेच्या शेवटी एक धातूची गोळी असते, ती पेडलच्या खाचेत अडकते. गोळीजवळ तारेचे पीळ सुटले होते. बारीक तारांपैकी काही तुटून केसासारख्या बाहेर आल्या होत्या आणि उरलेल्या गोळीतून थोड्या सरकल्या होत्या. ढिलाई आली होती ती तिथून. मोबाइलच्या उजेडात अप्पांनी मला दाखवलं: तुटलेल्या तारांची टोकं नळीच्या तोंडाशी घासून चकाकत होती.

"ही टोकं हितं नळीत अडकली, तर पाय काढला तरी रेस उतरायची न्हाई," अप्पा म्हणाले. एवढंच म्हणाले. मी दोन नट फिरवून पिकअप परत आणला असता तर पुढच्या शुक्रवारी लेकीला घेऊन मी वाळूच्या टेकडीवर असणार होतो.

वाळूत ही गोष्ट का जिवावरची, ते न गेलेल्यांना सांगायला हवं. मिसईदच्या पुढं सीलाइन लागतं, तिथून खोर अल अदैदपर्यंत, म्हणजे सौदीच्या हद्दीलगत वाळवंटात शिरलेल्या समुद्रापर्यंत, रस्ता नाही, टेकड्याच टेकड्या. चढताना गाडीला वेग लागतो, अर्ध्यात पाय ढिला पडला तर गाडी रुतते. पण माथ्याच्या ऐन आधी पाय काढायचा असतो, कारण पलीकडे काय आहे ते दिसत नाही. बहुधा एक सुळका उतार असतो, कधी थांबलेली गाडी, कधी क्वाड बाइकवरची पोरं. म्हणजे एकाच चढावर तारेला पूर्ण उघडायचंही आहे आणि क्षणात पूर्ण मिटायचंही आहे. माथ्यावर रेस अडकलेली गाडी पलीकडे उडी मारते.

आणि रस्त्यावर कधी असं झालं तर, हे लक्षात असू द्या: गिअर न्यूट्रलला टाकायचा, ब्रेक घट्ट आणि सलग दाबायचा, सारखा सोडून-दाबून नाही. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्यायचं. चालत्या गाडीत किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. बाजूला थांबल्यावर बंद करायचं. हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एकदा तोंडी सांगून ठेवावं. पेडल अडकायला वायरच लागते असंही नाही, २००९ मध्ये अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या त्या पायाखालच्या मॅटमध्ये पेडल अडकू शकतं म्हणून. आपल्याकडे तर एका मॅटवर दुसरी मॅट टाकायची हौस असते. वायरीला हात लावायच्या आधी मॅट उचलून बघा. जाड मॅटमुळेही पेडल तळापर्यंत जात नाही.

नवी वायर शनिवारी सनायात मिळाली. एकशे नव्वद रियाल. स्पेअर पार्टच्या दुकानातला मल्याळी माणूस अप्पांना "उस्ताद" म्हणाला, कारण अप्पांनी काउंटरवरच तार हातात घेऊन नळी गोल वळवली, आतली तार ओढून बघितली, टोकाची गोळी नखानं तपासली आणि पहिली वायर परत केली. दुसरी घेतली. तिलाही मी तेल सोडायला निघालो तर नाही म्हणाले. "प्लॅस्टिकचं अस्तर हाय आत. तेल घातलं तर ह्या मुलखातली सगळी धूळ त्यातच बसंल." कतारमध्ये शमाल वारा सुटतो तेव्हा बंद कपाटातल्या कपड्यांवरही पिठासारखी धूळ बसते, तेव्हा हे म्हणणं खरंच. जुन्या, अस्तर नसलेल्या वायरींना तेल लागायचं, त्या वेगळ्या.

बसवायला अर्धा तास लागला. तार वळणावर कुठं चिमटत नाही, गरम पाइपला लागत नाही हे बघून मग नट. अप्पांची पद्धत अशी: आधी मुद्दाम ढिली ठेवायची, पेडल कुणीतरी तळाला धरायचं, चाक थांब्याला जेमतेम टेकेल इतकी नळी मागं घ्यायची, पेडल सोडायचं आणि सोडलेल्या तारेत थोडी ढिलाई उरलीय ना ते बोटानं बघायचं. ढिलाई नेमकी किती, ते ज्या त्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. काही कंपन्या तार किती मिलीमीटर सैल ते सांगतात, काही मधोमध दाबल्यावर किती वाकावी ते. शून्य कुणीच सांगत नाही. मग इंजिन गरम करून आयडलिंग बघायचं. वायर लावण्याआधी होतं तेवढंच असलं पाहिजे. झडपेच्या थांब्याचा एक बारीक स्क्रू असतो, त्याच्यावर कारखान्यातून रंगाचा ठिपका असतो. त्याला हात लावायचा नाही. "आमच्या डिझेलच्या पंपाला शिशाचं सील असायचं," अप्पा म्हणाले, "सील तुटलेलं दिसलं की डेपो मॅनेजर आधी पगाराचं विचारायचा."

जुन्या ऑटोमॅटिक गाड्या असणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. बऱ्याच जपानी गाड्यांत त्याच चाकावर दुसरीही एक तार असते, ती खाली गिअरबॉक्सला जाते. ती दिसायला जुळी बहीण, पण तिचं काम वेगळं: झडप किती उघडी त्यानुसार गिअरबॉक्समधला तेलाचा दाब ती ठरवते. ती अंदाजानं ढिली ठेवली तर गिअर मऊ पडतात, छान वाटतं, आणि आत क्लचच्या चकत्या घसरून जळत असतात. तिची खूण आणि माप पुस्तकाप्रमाणेच लावायचं किंवा जाणत्याकडून लावून घ्यायचं. तीन हजार रियालची बचत करायला जाऊन गिअरबॉक्स घालवलेला एक मित्र आहे, तो हे वाचत असेल.

आणि गावाकडच्यांसाठी: मोटरसायकलला हाच हिशेब मुठीवर. बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांत मूठ दोन ते सहा मिलीमीटर फुकट फिरायला हवी. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवायचं. वळवताना रेस आपोआप चढली तर वायर ताठ आहे किंवा चुकीच्या वाटेनं गेली आहे. ही तपासणी पोराला गाडी देण्याआधी करावी.

नवी वायर लागल्यावर सलवा रोडवर पाय दाबला. गिअर खाली पडला, इंजिन गर्जलं, अप्पांनी डोळे मिटून ऐकलं आणि "हां" म्हणाले. गाडी विकायचा विषय घरात परत निघालेला नाही.

पुढचे दोन शनिवार आमच्या पार्किंगमध्ये छोटा डेपो भरला. इमारतीतला एक तेलुगू, एक सोलापूरचा, एक इजिप्शियन, सगळे आपापली बोनेटं उघडून. सोलापूरकरांची गाडी २०१६ ची. अप्पांनी वाकून बघितलं, प्लॅस्टिकचं झाकण उचललं, पुन्हा वाकले. "हिची वायर कुठाय?" मी सांगितलं की नाही, हिच्यात तार नाही, पेडलला सेन्सर, तिथून कॉम्प्युटरला आकडा जातो, तो विचार करतो आणि झडपेवरची छोटी मोटर फिरवतो. त्यामुळे यात ढिली-ताठ करण्याजोगं काही नाही, पिकअप गेला तर स्कॅनरच लावायचा. अप्पांना ते काही आवडलं नाही. "आणि सेन्सर खोटं बोलला तर?"

"पेडलला दोन सेन्सर असतात, अप्पा. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर कॉम्प्युटर रेस देतच नाही, गाडी हळूहळू घरी नेण्यापुरती चालवतो."

त्यांनी यावर बराच वेळ विचार केला. "दोन ठेवलेत व्हय," म्हणाले. "मग बरं हाय." माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत मी काय करतो हे त्यांना पहिल्यांदा थोडं पटल्यासारखं वाटलं. तेलुगू शेजाऱ्याच्या गाडीला मात्र वायर होती, ढिली होती, आणि ती लावल्यावर त्याच्या बायकोनं पुलिहोरा पाठवला.

फाहेसची वार्षिक तपासणी जानेवारीत होती. तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ती पास झाल्याशिवाय इस्तिमारा नव्यानं मिळत नाही. पहिल्या फेरीत पास. त्यानंतरच्या शुक्रवारी दोन गाड्या मिळून सीलाइनला गेलो. वाळूत एकट्या गाडीनं जायचं नसतं. टायरमधली हवा पंधरा पीएसआयपर्यंत उतरवली. अप्पा पुढं, लेक आणि तिची आजी मागं, आजीनं वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलेलं. पहिल्या मोठ्या टेकडीवर मी पाय पूर्ण दिला, माथ्याच्या आधी काढला, गाडी माथ्यावर टेकून अलगद थांबली. खाली लांबवर खोर अल अदैदचं निळं पाणी दिसत होतं. लेक ओरडली, "परत!" अप्पांचं पाण्याकडे लक्ष नव्हतं, ते मीटरवर आयडलिंगचा काटा बघत होते. सातशे.

आणखी चार टेकड्या झाल्या. थंडीत इथं सूर्य लवकर मावळतो, म्हणून साडेतीनलाच मागं फिरलो. सीलाइनच्या तोंडाशी टायरमध्ये हवा भरणारे बसलेले असतात, त्यांच्याकडं आठ गाड्यांची रांग होती.